दहावी : २४ दिवस उरलेत, प्रिलिमला ५९ टक्के

कृष्णाकाठ | २८ जानेवारी, रात्री १०:५०

नमस्कार. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, अभ्यासाचा धागा पहिल्यांदाच काढतेय.

चिरंजीव दहावीला. स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश. काल प्रिलिमचे मार्क मिळाले. लेखी ४८० पैकी २८४. बीजगणित २१, भूमिती १७, विज्ञान एक २४, विज्ञान दोन २६, इतिहास-राज्यशास्त्र १८, भूगोल २२ (हे सगळे चाळीसपैकी). मराठी ४९ आणि इंग्रजी ५१, ऐंशीपैकी. संयुक्तमध्ये हिंदी २५, संस्कृत ३१.

मुलगा अभ्यासाला बसत नाही असं अजिबात नाही. पहाटे पाचला उठतो, रात्री अकरापर्यंत पुस्तक समोर असतं. विज्ञानाचं पुस्तक हायलायटरने इतकं पिवळं केलंय की आता न रंगवलेली ओळच उठून दिसते. विचारलं की म्हणतो, "झालाय हा धडा, दोनदा वाचलाय." मग मार्क जातात कुठे? क्लासवाले म्हणतात रिव्हिजन वाढवा. ह्यांचं म्हणणं, आता जे व्हायचं ते होईल, त्याच्या मागे लागू नकोस.

२१ फेब्रुवारीला पहिला पेपर. २४ दिवसांत सगळ्या विषयांची उजळणी बसवणारं वेळापत्रक कुणी करून देईल का? पाळीन म्हणतोय.

तळ्यातमळ्यात | २८ जानेवारी, रात्री ११:१५

वेळापत्रक आखण्यात माझे दहावीचे चार दिवस गेले होते. सहा रंगांची स्केचपेनं वापरली होती. पाळलं दीड दिवस. कागद मात्र आईने अजून जपून ठेवलाय, पाहुण्यांना दाखवते.

(मदत शून्य, पण धागा वर राहील.)

फळाखडू | २९ जानेवारी, सकाळी ६:४०

ताई, ३१ वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. वेळापत्रक नंतर बघू. आधी त्याच्या प्रिलिमच्या उत्तरपत्रिका मिळवा. शाळा घरी देत नसेल तर तिथे जाऊन तासभर बसा, हेडसरांना सांगा, कुणी नाही म्हणत नाही. आणि गेलेला एकेक मार्क कशामुळे गेला ते त्याच्याकडूनच लिहून घ्या. येतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही, की प्रश्नच नीट वाचला नाही? एवढ्या चारच खणांत सगळं बसतं.

तुम्ही भूमितीचे १७ मार्क सांगताय. मला ते २३ हवेत जे गेले. उजळणी त्या २३ ची करायची असते. पोरं १७ ची करतात, कारण येणारा धडा परत वाचताना बरं वाटतं.

दुसरं, २४ दिवस हे फक्त मराठीच्या पेपरला आहेत. बोर्डाचं वेळापत्रक बघा. बीजगणित ५ मार्चला, भूमिती ७ ला, भूगोल तर १७ मार्चला. म्हणजे गणिताला आजपासून ३५ दिवस आणि भूगोलाला ४७. सगळ्या विषयांचा डोंगर २१ तारखेच्या अलीकडे उभा करू नका. मधल्या सुट्ट्यांचे दिवस आत्ताच त्या त्या विषयाच्या नावावर लिहून टाका.

रोखठोक | २९ जानेवारी, सकाळी ९:०५

एवढं पोस्टमॉर्टेम कशाला? बाजारातून अपेक्षित प्रश्नसंच आणा आणि पाठ करायला लावा. माझ्या मुलाने तेवढंच केलं, ८८ टक्के मिळाले. शेवटच्या महिन्यात पाठ्यपुस्तक उघडायचंच नाही, हा माझा सरळ हिशोब.

कृष्णाकाठ | ३० जानेवारी, रात्री ९:३०

फळाखडू सर, आज दुपारी शाळेत जाऊन आलो दोघं. गणित आणि इतिहासाचे पेपर बघायला मिळाले. त्याने स्वतःच वहीत खण पाडून लिहिलं. आधी कुरकुर, मग हळूहळू चेहरा बदलत गेला.

बीजगणितात गेलेले १९ : वेळ न पुरल्याने कोरे ६, आकडेमोड आणि चिन्हं ५, सूत्र किंवा पायरी न लिहिल्याने ३, खरोखर न येणारे फक्त ५.

एक उदाहरण सांगते, कारण मला गणित येत नाही तरी ते कळलं. २७, २३, १९ अशी श्रेढी, दहावं पद काढा. याने फरक वजा चारऐवजी चार घेतला आणि उत्तर लिहिलं ६३. बाकी सगळं बरोबर, सुवाच्य, शेवटी चौकट सुद्धा. मी म्हटलं, अरे आकडे उतरत चाललेत आणि दहावा ६३ कसा येईल? तो पाच मिनिटं गप्प बसला.

भूमितीत गेलेले २३ : कोरे १२, प्रमेयात कारणंच लिहिली नाहीत ७, रचनेत ४ (कंपास सैल होता म्हणे).

इतिहासात मात्र कोरं काहीच नव्हतं. पानंच्या पानं लिहिलीत, तरी १८.

फळाखडू | ३१ जानेवारी, सकाळी ६:२५

शाब्बास. आता बघा, बीजगणितात "येत नाही" हा खण पाच मार्कांचा निघाला. उरलेले १४ नवीन काही न शिकता परत मिळण्यासारखे आहेत. दोन वेळा वाचून मात्र यातला एकही मिळणार नाही.

गणिताचा पेपर ४० मार्कांचा, दोन तास. मार्काला तीन मिनिटं. पहिला प्रश्न आठ मार्कांचा, चार बहुपर्यायी आणि चार एकेका मार्काचे. तिथे २४ मिनिटं लागताच कामा नयेत, १५ त संपवायचा. वाचलेली नऊ मिनिटं चौथ्या प्रश्नाला. तिथे चार-चार मार्कांची दोन उदाहरणं सोडवायची असतात आणि कोरी पानं तिथेच राहतात. शिवाय २०२३ पासून शेवटी दहा मिनिटं जादा देतात. ती चिन्हं तपासायला ठेवा, नवीन उदाहरण सुरू करायला नाही.

रचनेचं सांगतो. त्या प्रकरणात मोजून पाच प्रकार आहेत. समरूप त्रिकोणाचे दोन, एक सामाईक शिरोबिंदूचा आणि एक त्याच्याशिवाय. स्पर्शिकेचे तीन : वर्तुळावरच्या बिंदूतून केंद्र वापरून, केंद्र न वापरता, आणि बाहेरच्या बिंदूतून. रोज संध्याकाळी एक. पाच दिवसांत प्रकरण संपलं, सहाव्या दिवशी पाचही एका बैठकीत. आणि तो सैल कंपास आजच बदला. नटात कागदाची घडी घालून पोरं वेळ मारून नेतात, परीक्षेत ती घडी निसटते.

प्रमेयांची कारणं उजवीकडे कंसात लिहायची सवय हातालाच लागली पाहिजे. डोळ्यांनी वाचून ती लागत नाही.

रोखठोक साहेब, अपेक्षितला माझा विरोध नाही. पण त्यातले प्रश्न तेवढे घ्यावेत आणि उत्तरं झाकून ठेवावीत. कृतीचे प्रश्न, चौकटी भरायचे, पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणांच्या धर्तीवर असतात. पुस्तकच बंद केलं तर ते हातचे जातात.

मागच्या_बाकावरची | ३१ जानेवारी, दुपारी ४:१०

काकू, माझी दहावी गेल्या वर्षी झाली (मराठी माध्यम, ९१.२०), म्हणून ताजं आठवतंय. मीपण वाचत सुटणाऱ्यांतलीच. प्रिलिमनंतर मोठ्या दादाने माझं पुस्तक काढून घेतलं, कोरा कागद दिला आणि म्हणाला, "आवर्ती वर्गीकरण. लिही."

मला वाटलं सोप्पंय, चार वेळा वाचलंय. "आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणुत्रिज्या कमी होत जाते" इथपर्यंत झरझर आलं. पुढे "कारण" लिहिलं आणि पेन थांबलं. वाचताना ते कारण इतकं ओळखीचं वाटायचं! केंद्रकावरचा धनप्रभार वाढत जातो, नवे इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतात, म्हणून ते जास्त आत ओढले जातात. तीन ओळी, पण माझ्या डोक्यात नव्हत्या, पुस्तकात होत्या.

मग रोज हेच. धडा एकदा नजरेखालून घालायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल ते कागदावर काढायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भरायचं. दुसऱ्या दिवशी फक्त ते लाल वाचायचं. तीन दिवसांनी परत कोरा कागद. पहिल्या वेळी कागदावर काळं कमी आणि लाल जास्त असतं, रडू येतं. तिसऱ्या वेळी उलटं होतं.

विज्ञानात तिसरा प्रश्न १५ मार्कांचा, तीन-तीन मार्कांचे पाच. तिथे आकृती काढायला घाबरायचं नाही. भिंगाच्या किरणाकृत्या मी जेवताना बोटाने ताटात काढायचे. आई ओरडायची.

एकनाथी | ३१ जानेवारी, रात्री १०:२०

मागच्या_बाकावरची, तू आणि तुझ्या दादाने जे केलं ते मी कॉलेजात मानसशास्त्राच्या तासाला शिकवतो. रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन संशोधकांनी २००६ मध्ये हाच प्रयोग विद्यार्थ्यांवर केला. एका गटाने उतारा परत वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर लिहिणारे पुढे. आणि गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. धागाकर्तीच्या चिरंजीवांचं "झालाय हा धडा" ते हेच.

मध्ये दिवस सोडून परत लिहायचं, यामागचं तत्त्व तर त्याहून जुनं. हरमान एबिंगहाउसने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा आलेख मांडला होता. पहिल्या काही तासांतच तो धाडकन खाली येतो.

बाकी लेक्चर आवरतो.

दहावी_ड | १ फेब्रुवारी, दुपारी १:४५

मीपण यंदाच दहावीला आहे. सगळे धडे होणं शक्य नाही. त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन ऑप्शनला टाकले तर चालेल का? इतिहासाचे पण तीन धडे टाकणार आहे. खरं खरं सांगा, ओरडू नका.

फळाखडू | १ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:३०

ओरडत नाही बाळा. ऑप्शनला टाकायचंच तर अख्खं प्रकरण टाकू नकोस, प्रकरणाचा अवघड भाग टाक. त्रिकोणमितीत ती लांबलचक नित्य समीकरणं सिद्ध करायची सोडून दे हवी तर. पण ३०, ४५, ६० च्या किमतींचा तक्ता आणि उंची-अंतराची साधी उदाहरणं दोन दिवसांत होतात. महत्त्वमापनात दंडगोल, शंकू, गोल यांची सूत्रं एका पानावर मावतात आणि एका मार्काचा प्रश्न नुसत्या सूत्रावर सुटतो. अख्खं प्रकरण टाकलंस की ते पहिल्या प्रश्नातही आडवं येतं, आणि पहिल्या प्रश्नाला "कोणतेही दोन सोडवा" नसतं.

इतिहासाचं मला सांगता यायचं नाही. कुणीतरी बोला.

शिळाप्रेस | १ फेब्रुवारी, रात्री ११:००

बोलतो. इतिहास-भूगोल शिकवतो, तालुक्याच्या गावी.

धागाकर्तीच्या मुलाने पानंच्या पानं लिहून १८ मिळवलेत. ताई, त्याची टीप केवढी आहे ते बघितलंत का? टीप दोन मार्कांची असते. तीन मिनिटांच्या हिशोबाने तिला सहा मिनिटं. पोरं आवडीचा विषय आला, खेळ म्हणा, सिनेमा म्हणा, की सव्वा पान लिहितात आणि तीन मार्कांच्या सविस्तर उत्तरांना शेवटी चार-चार ओळी उरतात. इतिहास २८ मार्कांचा आणि राज्यशास्त्र १२ चं, हेही कित्येकांना परीक्षेच्या आदल्या दिवशी कळतं. राज्यशास्त्राची प्रकरणं पाचच आहेत, छोटी आहेत. मी कायम आधी तीच करून घेतो. संकल्पनाचित्रं तर पुस्तक मिटून काढायला सगळ्यात सोपी.

इतिहासात उताऱ्याचे चार मार्क असतात. उत्तर समोरच्या उताऱ्यात असतं, तरी पोरं पाठ केलेलं लिहितात. याला काय करणार!

भूगोल तर दान आहे. नकाशा भरणे ४, नकाशावाचन ४, आलेख ६. चाळीसपैकी १४ मार्क पाठांतर न करता. ब्राझीलच्या कोऱ्या नकाशाच्या २० झेरॉक्स काढा, दोन रुपयांप्रमाणे चाळीस रुपये. रोज जेवणाआधी एक भरायचा : माराजो बेट, मॅनॉस, पिको दी नेब्लीना, ॲमेझॉनचं मुख, अवर्षण चतुष्कोन. दहाव्या नकाशाला हात आपोआप जातो. सूची द्यायला विसरू नका, मी तपासताना आधी तीच बघतो. (माझ्या वर्गातल्या एकाने ॲमेझॉन अरबी समुद्रात सोडली होती. तो आता ट्रॅव्हल कंपनीत आहे.)

पंचगंगा_शिफ्ट | २ फेब्रुवारी, पहाटे ५:५०

मी काय शिक्षक नव्हं, फौंड्रीत रात्रपाळी करतो. पण पहाटे पाच ते रात्री अकरा हे वाचून राहवंना. वहिनी, पोरगं झोपतंय किती? सहा तास? त्यात मोबाईल किती? रात्रपाळीच्या चौथ्या दिवशी मला माझ्याच गाडीचा नंबर आठवत न्हाई, त्याला पायथागोरस कुठनं आठवायचा?

आणखी एक. पेपर ११ ला असतोय. तुमचं पोरगं पाचला उठून ११ पर्यंत दमलेलं असणार. आत्तापासून ११ ते १ या टायमाला घड्याळ लावून पेपर सोडवायला बसवा. पंखा बंद पडू दे, शेजारच्यांचा मिक्सर चालू दे, उठायचं न्हाई. माझ्या थोरलीला असंच बसवलं होतं.

तळ्यातमळ्यात | २ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

वरच्या प्रतिसादाला +१. धाग्यावरचा सर्वात शहाणा माणूस फौंड्रीत आहे.

रोखठोक | २ फेब्रुवारी, सकाळी १०:००

असू दे. पण मराठीचं काय? निबंध पाठ केल्याशिवाय येतो का? अपेक्षितमधले दहा निबंध पाठ करून गेला की एक तर लागतोच.

शिळाप्रेस | २ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

माझा विषय नाही, पण शाळेत माझ्या शेजारच्याच खुर्चीवर मराठीच्या बाई बसतात, त्यांना विचारलं. म्हणाल्या, कुमारभारतीच्या ८० पैकी उपयोजित लेखन २४ चं आणि भाषाभ्यास १६ चा. म्हणजे अर्धा पेपर धड्यांच्या बाहेर आहे. पाठ केलेला निबंध दुसऱ्याच ओळीला ओळखू येतो, कारण शंभर पोरांचा पाऊस एकाच वेळी "रिमझिम" पडायला लागतो. त्यापेक्षा पत्राचा आराखडा हातात बसवा. दिनांक, प्रति, विषय, मायना, शेवट. आणि बातमी, जाहिरात एकेकदा तरी पेनाने लिहा. समास, वाक्प्रचार रोज दहा मिनिटं, चहाबरोबर.

कृष्णाकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री १०:०५

उशिरा लिहितेय, क्षमस्व. सगळ्यांचं वाचलं, त्यालाही वाचायला दिलं. पंचगंगा भाऊंचं वाचून ह्यांनी त्याच रात्री दहाला वायफाय बंद केलं, त्यामुळे आता माझ्या मालिकाही बंद.

पहाटेचं उठणं साडेसहावर आणलंय. ११ ते १ रोज एक पेपर. पहिल्या दिवशी बीजगणितात कोरे राहिले सात, काल दोन. चुकांच्या वहीला त्याने नाव दिलंय "६३". चिन्ह चुकलं की तिथे नोंद.

एक कबुली. मी त्याच्या शेजारी विणकाम घेऊन बसायचे, म्हणजे लक्ष राहील म्हणून. परवा म्हणाला, "आई, तू बसलीस की मी वाचतोय असं दाखवायला लागतं. कोऱ्या कागदाकडे बघत विचार करत बसलो तर तुला वाटतं मी टाइमपास करतोय." आता मी स्वयंपाकघरात असते.

इतिहासाचं अजून अवघड चाललंय. इतिहासलेखनाच्या दोन धड्यांतली नावं राहतच नाहीत त्याच्या डोक्यात.

मागच्या_बाकावरची | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४०

काकू, नावांसाठी चिठ्ठ्या करा. एका बाजूला फुको, दुसऱ्या बाजूला "ज्ञानाचे पुरातत्त्व". एका बाजूला कल्हण, मागे "राजतरंगिणी". आमच्याकडे त्या चिठ्ठ्या साखरेच्या डब्यावर असायच्या. चहा करणाऱ्याने एक उचलायची आणि मी उत्तर दिल्याशिवाय साखर पडायची नाही. बाबांनी आठवडाभर बिनसाखरेचा चहा प्यायला.

दहावी_ड | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१५

सर, किमतींचा तक्ता झाला. उंची-अंतराची सहा उदाहरणं केली, चार बरोबर आली. आता महत्त्वमापन घेऊ का रचना?

फळाखडू | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ७:५०

रचना. आणि त्या चुकलेल्या दोन उदाहरणांचं आधी मला सांग. आकृती काढली होतीस का?

दहावी_ड | १० फेब्रुवारी, रात्री ८:०२

नाही काढली :(

कृष्णाकाठ | ७ मार्च, दुपारी ३:४०

आज भूमिती झाली. घरात आला, बूट न काढता आत येऊन म्हणाला, "बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका." मला काही कळेना. मग म्हणाला, "आली होती ना! पाचव्या संध्याकाळची." एक प्रमेय अर्धं राहिलंय, पण कारणं कंसात लिहिलीत म्हणतोय. परवा बीजगणितात दहा मिनिटं चिन्हं तपासायला उरली होती, त्यात एक सापडलं.

मार्क काय पडतील ते मेमध्ये कळेल. आता १० ला विज्ञान एक. आत्ता जेवून झोपलाय. कोरे कागद संपलेत, ह्यांना येताना अर्धं रिम आणायला सांगितलंय. शिळाप्रेस सर, ब्राझीलचे नकाशे मात्र अजून सात शिल्लक आहेत.